वाचकांचे प्रश्न : ‘काही नाही झालं’ म्हणणारी मुलं

बालगृहात, प्रतिपालक कुटुंबात (म्हणजे दत्तक न घेता मूल सांभाळणाऱ्या कुटुंबात) किंवा नातेवाइकांकडे वाढणाऱ्या मुलांच्या भावनिक वाढीबद्दल बरीच पत्रं आली. त्यांतली सहा या अंकात घेतली आहेत. मूल ओळखू येईल असे तपशील गाळले आहेत आणि त्याच कारणानं पत्रलेखकांची नावंही दिलेली नाहीत.

मी मुलींच्या बालगृहात गृहमाता आहे. माझ्याकडे ८ ते १४ वयाच्या २४ मुली आहेत. मध्यंतरी बाहेरच्या समुपदेशकांनी भावनांचा तक्ता लावून दिला. रागाचा चेहरा कुठला, दुःखाचा कुठला, हे सगळ्या धडाधड सांगतात. पण भांडण झालं की प्रकरण केस ओढण्यापर्यंत जातं, आणि नंतर विचारलं तर ‘काही नाही झालं’. मग तक्त्याचा उपयोग काय? (एक गृहमाता, विदर्भ)

तक्त्यावरचा चेहरा ओळखणं वेगळं आणि स्वतःच्या पोटात काय ढवळतंय ते ओळखणं वेगळं. पहिलं पाठ करता येतं. दुसरं मात्र मूल रोजच्या माणसाकडूनच शिकतं. घरातल्या बाळाला ते दिवसातून कितीतरी वेळा आपसूक मिळतं: ‘भूक लागली होय?’, ‘घाबरलीस का गं, कुकरची शिट्टी होती ती.’ बाळाच्या अंगात काहीतरी होतं, कुणीतरी त्याला नाव देतं आणि बाळाला शांत करतं. तुमच्याकडच्या बऱ्याच मुलींना हे तुटक मिळालंय, काहींना मिळालेलंच नाही. शिवाय ज्या घरात रडलं की मार बसायचा, तिथून आलेल्या मुलीसाठी ‘काही नाही झालं’ हे अगदी शहाणपणाचं उत्तर असतं. ते खोटं म्हणून पकडू नका.

आधी माणसांची वाटणी करा. एका बाईला २४ मुलींच्या मनाकडे पाहता येणार नाही, हे अधीक्षकांसमोर स्पष्ट मांडा. गृहमाता, काळजीवाहक, समुपदेशक अशा जितक्या जणी कायम आहेत तितके गट करा. गटात ६ ते ८ मुली असाव्यात, वेगवेगळ्या वयांच्या, आणि सख्ख्या बहिणी एकाच गटात. गट किमान वर्षभर बदलू नका. मुलीला ‘माझी ताई कोण’ हे ठाऊक असलं की अर्धं काम होतं. कामाची पाळी बदलताना नोंदवहीत एक ओळ जास्त लिहा: आज कुणाचा दिवस जड गेला आणि कशामुळे. रात्रपाळीच्या बाईंना ते माहीत नसेल तर त्या रडणाऱ्या मुलीला दटावून झोपवतात, आणि दिवसभराचं काम वाया जातं.

मग रोजची दहा मिनिटं ठरवा. वेळ एकच, जागा एकच. संध्याकाळची प्रार्थना झाल्यावर किंवा जेवणाआधी. हातात काहीतरी काम असू द्या: लसूण सोलणं, शेंगा फोडणं, वेणी घालणं. समोरासमोर बसवून ‘आज कसं वाटतंय?’ विचारलं तर ‘बरं’ याखेरीज काही हाती लागत नाही. त्याऐवजी दिसलेलं सांगा आणि हलका अंदाज करा: ‘आल्या आल्या दप्तर आपटलंस. शाळेत काहीतरी बिनसलं असावं.’ मग गप्प बसा. अंदाज चुकला तरी हरकत नाही. ‘बिनसलं नाही, बाईंनी माझी वही सगळ्यांना दाखवली’ असं ती तुम्हाला दुरुस्त करते, आणि आपलं मन तपासायला ती तिथूनच सुरुवात करते.

शब्द थोडे आणि सावकाश द्या. पाच-सहा वर्षांच्या मुलाला राग, भीती, दुःख, आनंद एवढे चार पुरतात. तुमच्या वयोगटाला आठवड्याला एक नवा शब्द द्या, तोही प्रसंगातून: हिरमोड, वैताग, धास्ती, हेवा, ओशाळणं, एकटं वाटणं, हुरहुर. नावाच्या आधी शरीर विचारा. ‘पोटात गोळा आला’, ‘छातीत धडधडलं’, ‘कान गरम झाले’ हे आठ वर्षांची मुलगी सहज सांगते; ‘मला असुरक्षित वाटलं’ हे ती कधीच म्हणणार नाही. चारचौघींत बोलायची लाज वाटते म्हणून बोटांची खूण ठरवा: एक बोट म्हणजे जराशी चिडचिड, पाच बोटं म्हणजे आता हात उठेल. तीन बोटं दिसली की तुम्ही तिला हाक मारून काही काम सांगायचं, पाणी भरायला न्यायचं. खुणेवरून तुम्ही खरंच उठलात, असं मुलींना चार-पाच वेळा दिसायला हवं. एरवी खूण आपोआप बंद पडते.

भांडणाच्या क्षणी शिकवायला जाऊ नका. भडकलेल्या मुलीला लांब वाक्य ऐकूच जात नाही. दोघींना वेगळं करा. भडकलेलीच्या जवळ, पण अंगाशी येणार नाही इतक्या अंतरावर, तिच्या बाजूला बसा. समोर उभं राहू नका. आवाज खाली ठेवा, शब्द कमी: ‘मी इथंच आहे. मारू देणार नाही.’ पाणी द्या. श्वासाचा व्यायाम घेणार असाल तर नाकानं तीन मोजेपर्यंत आत, तोंडानं फुंकर मारत पाचपर्यंत बाहेर, असा चार-पाच वेळा. डोळे मिटायची सक्ती करू नका. ज्या मुलीला रात्री कुणी त्रास दिलेला असतो तिला डोळे मिटले की शांत वाटत नाही, भीती वाटते. शिबिरांमध्ये ही चूक सर्रास होते. शिवाय हा व्यायाम आठवडाभर शांत वेळी करून घेतलेला असेल तरच भांडणात आठवतो.

बोलणं अर्ध्या-पाऊण तासानं, एकेकीशी. तीन प्रश्न पुरेत: काय झालं, अंगात काय होत होतं, पुढच्या वेळी मला आधी कसं कळवशील. ‘का केलंस?’ हा प्रश्न टाळा. तो चौकशीसारखा वाटतो आणि त्याचं उत्तर तिलाही ठाऊक नसतं. ‘माफी माग’ अशी सक्तीही नको. त्यापेक्षा दुरुस्तीचं काम असावं: फाटलेली वही चिकटवून देणं, तुटलेलं बक्कल बदलून देणं.

शांत कोपरा करायचा असेल तर गोधडी, उशी, पाण्याची बाटली, फाडायला रद्दी आणि शाडूची माती एवढं ठेवा. माती ओल्या फडक्यात गुंडाळून झाकणाच्या डब्यात ठेवली नाही तर दोन दिवसांत दगड होते. कोपरा मोठ्या माणसाच्या नजरेत असावा, बंद खोलीत नाही. जायचं केव्हा आणि उठायचं केव्हा, हे मूल ठरवतं. ‘जा, कोपऱ्यात बस’ असं एकदा जरी म्हटलंत तरी ती शिक्षेची जागा झाली. आणि शिक्षेचा विषय निघालाच आहे तर: बालगृहातल्या कर्मचाऱ्यानं शिस्तीसाठी मुलाला मारणं हा बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम ८२ खाली गुन्हा आहे. पहिल्या वेळी १०,००० रुपये दंड, पुन्हा केल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही.

हे सगळं बिघडतं ते बहुतेक वेळा एकाच कारणानं. मुलीनं विश्वासानं सांगितलेलं नंतर तिच्यावरच उलटवलं जातं: ‘कालच म्हणालीस ना, तुला तिचा हेवा वाटतो? मग पेन्सिल तूच घेतली असशील.’ असं एकदा झालं की ती मुलगी पुन्हा सांगत नाही, आणि ऐकणाऱ्या बाकीच्याही सांगत नाहीत. हीच गोष्ट तक्त्याची. त्यावर रोज मुलींची नावं लावून ‘आज लाल चेहऱ्यावर कोण?’ असं चालू असेल तर तो उद्याच काढून टाका.

आमचा मित्रांचा गट दर महिन्याला एका बालगृहात जातो. केक, खेळ, गाणी असतात. मुलं पहिल्याच भेटीत कडेवर येतात, गळ्यात पडतात, इतका जीव लावतात. आता आम्हाला तिथं दोन दिवसांचं ‘भावनिक बुद्धिमत्ता शिबिर’ घ्यायचं आहे. आराखडा सुचवाल का? (एक वाचक, पुणे)

आराखडा सुचवणार नाही, आणि का ते सांगतो.

तीन-चार वर्षांचं घरातलं मूल अनोळखी माणूस दिसला की आईच्या पदराआड जातं. जे मूल पहिल्या भेटीतच कुणाच्याही कडेवर चढतं, त्याला ‘आपला माणूस’ आणि ‘परका माणूस’ यांतला फरक शिकायची संधी मिळालेली नसते. माणसं सतत बदलत राहिली की असं होतं. रुमानियात बुखारेस्टला २००० नंतर संस्थांमधल्या १३६ लहान बाळांचा अभ्यास झाला. निम्मी बाळं चिठ्ठ्या टाकाव्यात तशी निवडून प्रशिक्षित प्रतिपालक कुटुंबांत ठेवली गेली, बाकीची नेहमीच्या व्यवस्थेत राहिली. कुटुंबात गेलेल्यांची जवळच्या माणसाशी घट्ट नाळ जुळण्याचं प्रमाण बरंच जास्त निघालं, आणि साधारण दोन वर्षांच्या आत गेलेल्यांना सर्वांत जास्त फायदा झाला. मुलाला हवं असतं ते टिकणारं माणूस. दर महिन्याला नव्या बारा जणांनी येऊन लळा लावून जाणं हे त्याच्या नेमकं उलट आहे.

तरी तुमच्या गटाला करण्यासारखं बरंच आहे. दोघंच जण निवडा. पंधरवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी, ठरलेल्या वेळी, किमान एक शैक्षणिक वर्षभर जा. सहा ते आठ मुलांच्या एकाच गटाबरोबर एकच गोष्ट करा: नाटुकलं बसवणं, परसबाग, गोष्टी वाचणं. गोष्ट वाचताना ‘आता त्याच्या मनात काय आलं असेल?’ एवढं विचारलं तरी चालतं. येणार नसाल तर आधी कळवा. वर्ष संपायच्या चार आठवडे आधीपासून निरोपाबद्दल बोला. ‘येऊ हं परत’ असं मोघम म्हणू नका. आपला वाढदिवस तिथं साजरा करू नका. त्या महिन्यात जन्मलेल्या मुलांची यादी अधीक्षकांकडून घ्या आणि त्यांचा करा. मुलांचे चेहरे दिसतील असे फोटो समाजमाध्यमांवर टाकू नका. बाल न्याय अधिनियमाच्या कलम ७४ नं मुलाची ओळख उघड करायला बंदी आहे. शिबिराचा पैसा उरतोच आहे तर गृहमातांच्या रजेच्या दिवशी प्रशिक्षित बदली बाई ठेवायला संस्थेला द्या. थकलेल्या माणसाला दुसऱ्याची चिडचिड झेलता येत नाही.

आमच्या बालगृहात एक ९ वर्षांचा मुलगा आहे. आई ‘रविवारी येते’ म्हणते आणि येत नाही. तो सकाळपासून फाटकाशी असतो. संध्याकाळी कुणाला तरी चावतो, रात्री अंथरूण ओलं करतो. आली तरी पुढचे दोन दिवस तसेच जातात. ‘भेटी बंद करा’ असं काहींचं म्हणणं आहे. आई आजारी आहे असं सांगितलेलं बरं का? (एक समुपदेशक, मराठवाडा)

खोटं सांगू नका. दोन महिन्यांनी आई धडधाकट दिसली की तुमचाही शब्द गेला.

भेटीनंतर मूल बिघडतं म्हणून भेटच वाईट, हा निष्कर्ष फार घाईचा आहे. भेटून पुन्हा ताटातूट होते, त्याचा तो त्रास आहे. भेटी बंद करण्यानं तो दिसेनासा होईल, संपणार नाही. (आईकडून त्याला धोका असेल तर गोष्ट वेगळी. तो निर्णय बालकल्याण समितीचा (अशा मुलांच्या काळजीचे निर्णय घेणारी जिल्ह्यातली समिती), आपला नाही.) बदलायची आहे ती भेटीची पद्धत. आईचा दिवस नक्की होईपर्यंत मुलाला सांगू नका. शनिवारी संध्याकाळी तिला फोन करा, आणि रविवारी ती गाडीत बसल्यावर पुन्हा. मगच त्याला सांगा. तिच्या न येण्यामागे भाडं, मजुरीचा खाडा, दारूडा नवरा किंवा ‘मुलाला काय तोंड दाखवू’ ही लाज असू शकते. यातलं काय ते गृहभेटीत कळतं. भाड्याचा प्रश्न असेल तर तो जिल्हा बाल संरक्षण कक्षापुढे ठेवा.

तरीही ती आली नाही, तर ठरलेल्या वेळेनंतर तासाभरात त्याची रोजची काळजी घेणाऱ्या माणसानं जाऊन दोन वाक्यांत सांगायचं: ‘आई आज येत नाहीये. तुझ्या चुकीनं नाही.’ दुसरं वाक्य गाळू नका. या वयाची मुलं दोष स्वतःकडे घेतात. ‘तुझी आई अशीच’ हे शब्द कुणाच्याही तोंडून निघता कामा नयेत, स्वयंपाकघरातूनसुद्धा. मग त्याला फाटकावरून ओढून आणू नका. शेजारी बसा, राग येणारच म्हणा. आईला सांगायचं ते चित्रात किंवा चिठ्ठीत उतरवून एका पाकिटात ठेवा. पुढच्या भेटीत द्यायचं की नाही, ते तो ठरवेल. संध्याकाळी अंगमेहनतीचा खेळ ठेवा. अंथरुणाबद्दल चादर बदलण्यापलीकडे एक शब्द नको, आणि चादर बदलताना इतर मुलं पाहत नसावीत.

हे सगळं त्याच्या वैयक्तिक काळजी योजनेत, म्हणजे बाल न्याय नियमांतल्या नमुना ७ मध्ये लिहा: भेटीआधी काय, नंतर काय, जबाबदार कोण. ‘मूल आक्रमक आहे’ एवढंच लिहिलं तर पुढच्या संस्थेत तो शिक्का घेऊनच ते मूल जातं. दिवाळी आणि मे महिन्याच्या सुट्टीची तयारीही त्यातच करा. काही मुलं घरी जातात आणि काही मागं राहतात, तो आठवडा वर्षातला सर्वांत अवघड असतो.

माझा भाचा ८ वर्षांचा असताना २०२१ मध्ये कोविडनं त्याचे आईवडील गेले. आता तो १२ वर्षांचा आहे, आमच्याकडे राहतो. कधी रडला नाही, हट्ट नाही, भांडी घासायलाही स्वतःहून उठतो. सगळे म्हणतात किती समजूतदार! पण मला धाकधूक वाटते. (त्याची आत्या, सातारा जिल्हा)

धाकधूक रास्त आहे, आत्या. अशा मुलांना कधी कधी वाटतं की आपण त्रास दिला तर इथूनही जावं लागेल. मग ती पाहुण्यासारखी वागतात. त्या काळात अनेक मुलांना आईवडिलांचं अंत्यदर्शनही मिळालं नाही, त्यामुळे शोक अर्धवटच राहिला.

‘आता तूच घरातला मोठा’ असं म्हणणाऱ्यांना थांबवा. समजूतदारपणाचं कौतुक कमी करा. तो एखाद्या दिवशी कुरकुरला, दार आपटलं, तर ती चांगली खूण समजा आणि त्याच दिवशी नेहमीसारखं जेवायला वाढा. आईवडिलांचा विषय तुम्ही काढा, तो काढणार नाही. ‘दादाला पुरणपोळीबरोबर दूधच लागायचं’ एवढं ताटावर सहज म्हटलं तरी पुरे. फोटो भिंतीवर असू द्या. वर्षश्राद्धाला काय करायचं ते त्याला विचारा. त्यांची एखादी वस्तू, घड्याळ किंवा साडी, त्याच्या ताब्यात द्या. आणि एकदा स्पष्ट सांगा: ‘तू इथंच राहणार आहेस, कितीही भांडलास तरी.’

पैशांची बोलणी त्याच्या कानावर पडतात, हे लक्षात ठेवा. राज्य सरकारच्या बालसंगोपन योजनेचे महिन्याला २,२५० रुपये मिळत असतील किंवा त्याच्या नावे सरकारनं ५ लाखांची मुदत ठेव ठेवली असेल, तर ते त्याला साध्या शब्दांत सांगा. अर्धवट ऐकून मुलं ‘पैशांसाठी ठेवलंय’ असा अर्थ लावतात.

झोप उडणं, वारंवार डोकं किंवा पोट दुखणं, शाळेतली घसरण, मित्र तोडणं, यांतलं काही दोन आठवड्यांहून जास्त टिकलं तर जिल्हा रुग्णालयातल्या मानसोपचार विभागात न्या. १४४१६ या टेली मानस क्रमांकावर मराठीतून मोफत बोलता येतं. ‘मी मेलो असतो तर बरं’ अशा अर्थाचं काही बोलला तर दोन आठवडे थांबू नका, त्याच दिवशी जा.

आम्ही प्रतिपालक म्हणून ६ वर्षांची मुलगी घरी आणली. पोटभर जेवते, तरी उशीखाली चपाती लपवते. मुंग्या होतात. समजावलं, रागावलो, उपयोग नाही. (एक जोडपं, नाशिक)

तिला चोरी करायची नाही, उद्याची खात्री करायची आहे. तिच्या हाताशी येईल असा झाकणाचा डबा तिच्या नावानं ठेवा: राजगिऱ्याचे लाडू, चिक्की, फुटाणे. कधीही, न विचारता घ्यायचं. रोज रात्री तिनं आणि तुम्ही मिळून भरायचा, म्हणजे सकाळी तो रिकामा नसेल हे तिला दिसतं. सुरुवातीला ती एका दिवसात फस्त करेल. ओरडू नका, पुन्हा भरा. उशीखालची चपाती काढताना तिच्यादेखत काढा, ‘ही शिळी झाली, ही ताजी डब्यात ठेवू’ म्हणून. गुपचूप काढली तर ती जास्त लपवते. काही आठवडे लागतात, काहींना महिने.

मनातलं बोलायच्या अशा गप्पांत मुलानं ‘कुणाला सांगू नका’ म्हणून अत्याचाराबद्दल सांगितलं तर? (एक शिक्षिका, ठाणे)

‘कुणाला सांगणार नाही’ असं वचन देऊ नका. ‘सांगितलंस ते बरं केलंस. तुझी चूक नाही. तुला सुरक्षित ठेवायला मला एक-दोन जणांना सांगावं लागेल, कोणाला ते तुला आधी सांगेन’, हे म्हणा. खोदून विचारू नका. ‘मग त्यानं असं केलं का?’ असा प्रश्न तर मुळीच नको. सूचक प्रश्नांनी पुढे साक्ष डळमळते. बोलणं संपल्यावर त्याच दिवशी मुलाच्याच शब्दांत, जसेच्या तसे, वेळ-तारखेसह लिहून काढा. पॉक्सो कायदा, २०१२ च्या कलम १९ नुसार लैंगिक अत्याचाराची माहिती किंवा शंका असेल तर विशेष बाल पोलीस पथकाला किंवा स्थानिक पोलिसांना कळवणं तुमच्यावर बंधनकारक आहे. मुख्याध्यापकांना सांगितलं म्हणजे ते पार पडलं असं होत नाही. काय करावं सुचत नसेल तर १०९८ या मुलांसाठीच्या मदत क्रमांकावर फोन करा. आरोप संस्थेतल्याच माणसावर असेल तर आधी त्या संस्थेला कळवू नका.

कळवल्यानंतरही त्या मुलाशी रोजचं बोलणं तोडू नका. केस झाल्यावर शिक्षक बिचकून दूर राहतात, आणि मुलाला वाटतं, सांगितलं म्हणून बाई बोलेनाशा झाल्या.